पुण्यात भाड्यासाठी दुसरा फ्लॅट: उत्पन्न की डोक्याला ताप?

हिशेबनीस
ऑफिसात सध्या एकच विषय. वाकड-ताथवडेला टू बीएचके घ्यायचा, आयटीवाल्यांना द्यायचा, 'हप्ता भाड्यातून निघतो'. कुठून निघतो? 80 लाखांचा फ्लॅट धरा. 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि 30 हजार नोंदणी फी धरून झाले 86 लाख. भाडं 25 हजार. एखादा महिना घर रिकामं राहतंच, म्हणजे वर्षाला पावणेतीन लाख. मेंटेनन्सचे 42 हजार, मिळकत कराचे वीसेक हजार आणि दलालाचं एक महिन्याचं भाडं गेलं की उरले 1 लाख 88 हजार. जेमतेम 2.2 टक्के! रंगकाम, गीझर, गळती वेगळीच. आणि 64 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी काढलं तर हप्ता 55 हजारांवर. दर महिन्याला तीसेक हजार खिशातून. निव्वळ भाड्यासाठी कर्ज काढू नये, हे माझं स्पष्ट मत.

वाकडकर
तुमच्या हिशेबात किंमत वाढते ते कुठे आहे? हप्ता तोच राहतो, भाडं दरवर्षी वाढतं. दहा वर्षांनी चित्र वेगळं दिसेल. शिवाय सक्तीची बचत होते ती वेगळीच. 'उरलेले तीस हजार एसआयपीत, म्हणजे दरमहा म्युच्युअल फंडात टाकीन' म्हणणारे दुसऱ्याच वर्षी नवीन गाडीत फिरताना दिसतात.

हिशेबनीस
गाडीचं मान्य. पण गृहकर्ज बहुतेकांचं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजदराचं असतं, 'हप्ता तोच' कसा? दर वाढले की बँक मुदत तरी लांबवते, नाहीतर हप्ता तरी वाढवते. विकताना नफ्यावर 12.5 टक्के कर. 23 जुलै 2024 पासूनच्या खरेदीला इंडेक्सेशनही (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरणं) नाही. आणि भाड्यापेक्षा कर्जाचं व्याज जास्त झालं तर तो तोटा नव्या करप्रणालीत पगारातून वजा होत नाही. दलाल हे सांगत नाहीत.

पेठेतला_मालक
दोघेही नव्या टॉवरच्या मागे का? कोथरूड, कर्वेनगरात जुना वन बीएचके बघा. विद्यार्थी, नोकरीला लागलेली पोरं, घर फार दिवस रिकामं राहत नाही. फक्त घेण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटून या. 'बॅचलर चालणार नाहीत' असा ठराव करून बसलेल्या सोसायट्या पुष्कळ. कायद्यात तो ठराव टिकेल न टिकेल, भांडायला जाणार तुम्ही. घर भाड्याने दिलं म्हणून नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावतील, तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच लावता येतात, 2001 पासून. जास्त मागितले तर लेखी विचारा. आणि पुणे महापालिका हद्दीत स्वतः राहणाऱ्याला मिळकत करात 40 टक्के सवलत असते, भाड्याने दिलं की ती जाते. कोथरूडचा हिशेब करताना हे धरा.

नवखा_गुंतवणूकदार
भाडेकरू घर सोडायलाच तयार नसला तर? आमच्या काकांना भाडेकरूने वर्षभर कोर्टात फिरवलं.

पेठेतला_मालक
करार कसा होता? 500 च्या स्टँपवर नोटरी करून '11 महिन्यांचा आहे, नोंदणी कशाला' म्हणणारे अजून आहेत. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार, कितीही मुदतीचा असो, भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार नोंदवावाच लागतो आणि जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. नोंदवलेला असेल तर मुदत संपल्यावर घर परत मिळवायला कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि भाडेकरू बसून राहिला तर भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. एवढ्या संरक्षणासाठी एकूण भाड्याच्या पाव टक्का मुद्रांक शुल्क आणि शहरात 1000 रुपये नोंदणी फी. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायचंही विसरू नका.

दुबईवासी
आम्हा एनआरआय मालकांचं एक राहिलं. भाडं कितीही कमी असो, भाडेकरूला टीडीएस, म्हणजे मालकाचा कर, भाड्यातून कापून सरकारकडे भरावा लागतो, तोही 30 टक्क्यांच्या वर. भारतात राहणाऱ्या मालकाला महिन्याला 50 हजारांच्या वर भाडं असेल तरच, आणि 2 टक्के. हे ऐकून दोन चांगली कुटुंबं आमच्या हातची गेली. तरी मी फ्लॅट ठेवणार. परत आल्यावर राहायला घर हवं, टक्केवारी नको.

हिशेबनीस
मग ते राहतं घर झालं, साहेब. मी भाड्याच्या धंद्याबद्दल बोलतोय.

वाकडकर
धंदाच म्हणता तर कर्ज 64 ऐवजी 30 लाखांचं धरून हिशेब परत मांडा. हप्ता 26 हजारांच्या आसपास येतो. मग बोलू.