मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन आरव्हीने झायन, ब्राइस आणि लेक पॉवेल

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आई-बाबा सध्या आमच्याकडे सॅन होजेला आले आहेत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लास वेगसहून आरव्ही (स्वयंपाकघर, पलंग, संडास असलेली घरासारखी गाडी) भाड्याने घेऊन झायन आणि ब्राइस कॅन्यन ही युटातली राष्ट्रीय उद्यानं, मग ॲरिझोनातल्या पेज गावाजवळचं लेक पॉवेल आणि परत वेगस अशी फेरी करायचा बेत आहे. आम्ही दोघं, सहावीतली मुलगी आणि आई-बाबा. गाडी 25 फुटी क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. सामान्य लायसन्सवर चालते, पण एवढं मोठं धूड मी आजवर चालवलेलं नाही.

हॉटेल आणि साधी गाडी का नको, तर आईचे गुडघे. रोज बॅगा भरायच्या, नवीन जिने, नवीन बाथरूम, हे तिला झेपत नाही. औषधं जेवणावरच घ्यावी लागतात आणि बाहेरचं खाणं तिला सोसत नाही. स्वतःचं स्वयंपाकघर आणि संडास सोबत असेल तर ती निश्चिंत राहील असं मला मनापासून वाटतं.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. कराड-चिपळूण मार्गावर कुंभार्ली घाटात आयुष्य गेलं. त्यांना लेक पॉवेल ज्याने अडवलंय ते ग्लेन कॅन्यन धरण बघायचंच आहे, कारण कोयनेचं धरण त्यांनी रोज येता-जाता पाहिलंय. सध्या संध्याकाळी माझ्या शेजारी बसून नकाशावर बोट ठेवतात आणि विचारतात, "हा उतार किती? इथे गियर कुठला टाकणार?" मला उत्तर देता येत नाही. म्हणून हा धागा.

जाणकारांनी कृपया सांगावं:

झायनच्या बोगद्यातून आरव्ही जाते का? काही ठिकाणी परवाना काढून जाते असं वाचलं, काही ठिकाणी बंदी आहे असं. ब्राइसहून पेजला जायला मॅप एक कॉटनवुड कॅन्यन रोड दाखवतोय, तो बराच जवळचा दिसतो, घ्यावा का? पेजला तळ्याकाठी कुठे मुक्काम करावा? पेजजवळची अँटेलोप कॅन्यन ही अरुंद घळ आईला जमेल का? आणि कुकर, इंडक्शन, एसी हे सगळं त्या गाडीत चालतं का?

गारगोटी

कृष्णाकाठ, बेत उत्तम आहे, फक्त क्रम बदला.

बोगद्याचं आधी. झायन-माउंट कार्मेल बोगदा 1930 साली सुरू झाला, लांबी 1.1 मैल, आणि तो त्या काळच्या गाड्यांच्या मापाने कोरलेला. पूर्वी समोरची वाहतूक थांबवून, 15 डॉलर घेऊन मोठ्या गाड्या मधोमध सोडत. तुम्ही वाचलेला परवाना तोच. पण 2026 च्या मध्यापासून 11 फूट 4 इंचांपेक्षा उंच किंवा 7 फूट 10 इंचांपेक्षा रुंद गाड्यांना त्या रस्त्यावर बंदी जाहीर झाली आहे. तुमची क्लास सी दोन्ही मापांत बसत नाही. छतावरचा एसी धरून उंची मोजा.

म्हणजे झायनहून थेट ब्राइसला जायचं तर मागे हरिकेनला येऊन वळसा, जवळपास दुप्पट अंतर. त्यापेक्षा झायनहून आधी पेजलाच जा: स्प्रिंगडेल, हरिकेन, मग 59 आणि 389 नंबरच्या रस्त्यांनी फ्रेडोनिया, तिथून कानाब आणि 89 ने पेज. हरिकेनमधून बाहेर पडतानाचा चढ सोडला तर रस्ता मोकळा आहे. पेजहून ब्राइस, आणि ब्राइसहून परत येताना 89 वर उत्तरेला पँग्विच, मग 20 नंबरने आय-15 हा महामार्ग पकडून सरळ वेगस. अशी गोल फेरी होते आणि बोगदा लागतच नाही. परतीला मॅप 14 नंबरचा रस्ता सुचवेल. तो फार उंच चढून सीडर सिटीला जोरात उतरतो, या गाडीने नको.

कॉटनवुड कॅन्यन रोडवर अजिबात जाऊ नका. 46 मैलांचा कच्चा रस्ता आहे. पाऊस पडला की तिथल्या मातीचा असा चिखल होतो की चारही चाकांना ताकद असलेली गाडीसुद्धा रुतते. शिवाय भाड्याच्या आरव्हीच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाईच असते, काही झालं तर विमा हात वर करतो. फोनच्या मॅपला गाडीचं माप कळत नाही. रोज निघण्यापूर्वी रस्त्यांचे नंबर कागदावर लिहून बाबांच्या हातात द्या, त्यांच्याइतका चांगला वाटाड्या तुम्हाला मिळणार नाही. उतारावर गियर कुठला याचं उत्तरही त्यांना ठाऊक आहे: ज्या गियरने चढाल त्याच गियरने उतरा. या गाड्यांत टो-हॉल मोड (जड ओझ्यासाठीचं बटण) असतो, तो लावला की ऑटोमॅटिक गियर स्वतःहून खाली येतो आणि ब्रेक कमी तापतात.

एक महत्त्वाचं. चालत्या गाडीत आईंना आडवं होता येणार नाही. पट्टा असलेल्या सीटवरच बसवा आणि तासा-दीड तासाने थांबा.

उंबरठा

पेजबद्दल लिहिते, कारण तिथे माझं येणंजाणं आहे.

मुक्काम तळ्याकाठच्या वॉवीप कॅम्पग्राउंडला करा. तिथे वीज, पाणी आणि सांडपाण्याचं हुकअप, म्हणजे गाडीला थेट जोडणी, मिळतं, तळं समोर दिसतं. तळ्याकाठच्याच लोन रॉक बीचचे फोटो बघून मोह होईल, पण ती सगळी वाळू आहे आणि जड आरव्ही हमखास रुतते.

तळं पूर्ण भरलं तर पातळी 3,700 फूट असते. 2023 च्या सुरुवातीला ती 3,520 फुटांच्या आसपास, म्हणजे तळं भरल्यापासूनच्या नीचांकावर होती. लाल कड्यांवर पाण्याने सोडलेला पांढरा पट्टा लांबूनही दिसतो, आणि तो पाहून वाईट वाटतं. बोटीचे धक्के आणि फेऱ्या पातळीवर अवलंबून असतात, तेव्हा निघायच्या आठवड्यात चौकशी करा.

धरण 710 फूट उंच, म्हणजे 216 मीटर. कोयनेचं 103 मीटर. शेजारच्या पुलावर पायी जायला वाट आहे, तिथून बाबांना खाली थेट कोलोरॅडो नदी दिसेल. दरवाजे 1963 साली बंद केले तेव्हापासून तळं भरायला लागलं, पूर्ण व्हायला 1980 उजाडलं.

अँटेलोप नावाहो लोकांच्या जमिनीवर आहे, त्यांच्या गाइडशिवाय आत जाता येत नाही. तिचे लोअर आणि अप्पर असे दोन भाग आहेत. लोअरमध्ये उभे लोखंडी जिने आहेत, आईंना नको. अप्परची जमीन सपाट आहे, पण परतीच्या वाटेवर चढउतार लागतो. बुकिंग करताना गुडघ्यांचं सांगूनच विचारा. पाऊस दूर कुठेतरी पडला तरी पाणी इथे लोंढ्याने येतं. 1997 च्या ऑगस्टमध्ये लोअरमध्ये 11 जणांचा जीव गेला. गाइडने टूर रद्द केली तर वाद घालू नका.

आणि घड्याळ! युटा उन्हाळी वेळ पाळतं, ॲरिझोना पाळत नाही, नावाहो प्रदेश पाळतो. ऑक्टोबरमध्ये पेज युटापेक्षा तासभर मागे असतं आणि फोन मधेच उडी मारतो. अँटेलोपच्या वेळा पेजच्या घड्याळाने असतात.

हॉर्सशू बेंडला, म्हणजे पेजजवळच्या कोलोरॅडो नदीच्या नालाकृती वळणाला, साधारण सव्वा किलोमीटर चालून जायचं, वाट पक्की केलेली आहे पण सावली फारशी नाही. सकाळी लवकर जा.

कृष्णाकाठ

गारगोटी, उंबरठा, किती आभार मानू. क्रम बदलला. बाबांनी वहीत रस्त्यांचे नंबर उतरवून घेतले आणि आता मला तोंडी विचारतात. स्वयंपाकाचं आणि ब्राइसच्या थंडीचं कुणी सांगेल का?

गारगोटी

कुकर गॅसवर बिनधास्त लावा. इंडक्शनचं जपून. गाडीला 30 अँपिअरचा पुरवठा असतो, 120 व्होल्टला साधारण 3,600 वॉट. एसी चालू असताना इंडक्शन आणि मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो, तेव्हा एका वेळी एकच मोठं उपकरण. हुकअप नसेल तर एसी फक्त जनरेटरवर चालतो आणि पार्कात रात्री जनरेटरला बंदी असते.

ताटं धुण्याआधी कागदाने पुसा, ग्रे टँक (धुण्याच्या पाण्याची टाकी) लवकर भरतो. संडासात पाणी भरपूर वापरलं तरी हरकत नाही, ब्लॅक टँकला (मैल्याच्या टाकीला) ते चांगलंच, फक्त त्यात टिश्यूचे गोळे टाकू नका. डंप स्टेशनवर (टाक्या रिकाम्या करायच्या जागी) हातमोजे घालून आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे ग्रेच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो.

ब्राइस 8,000 फुटांवर आहे, ऑक्टोबरमध्ये रात्री पारा शून्याजवळ जातो. पार्कातल्या कॅम्पग्राउंडमध्ये हुकअप नाही, म्हणून आईंसाठी पार्काबाहेरची हुकअपवाली जागा घ्या. झोपण्यापूर्वी टाकी भरून घ्या, बाहेरच्या नळाची होज काढून रिकामी करा आणि रात्रभर टाकीचंच पाणी वापरा. सकाळी नळ गोठला असेल तर ऊन वर येईपर्यंत थांबायचं. होज पुन्हा लावायची घाई नको.