मदत हवी आहे: एकच डेटा, सहसंबंध दोन! (तातडीचं)

घाईत_आहे: एम.एड.चा प्रबंध आहे, परवा सरांना तक्ते दाखवायचेत. नोकरीतलं समाधान आणि अनुभव यांचा सहसंबंध एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ०.९३ येतोय, एक्सेलच्या कोरेल सूत्राने ०.१८. डेटा तोच. कोणता लिहू?

दशांश: एन, म्हणजे माणसं किती? समाधान कशाने मोजलंत? फाइल एकच की दोन? "डेटा तोच" म्हणणारे इथे रोज येतात.

घाईत_आहे: ११८ शिक्षक. पाच बिंदूंची लिकर्ट (१ ते ५ मध्ये किती सहमत ते सांगायचं), २० विधानांची सरासरी. अनुभव वर्षांत. प्लीज लवकर सांगा.

निवृत्त_मास्तर: लिकर्ट ही क्रमवाचक श्रेणी, तिथे पिअरसन, म्हणजे तुम्ही काढलात तो नेहमीचा सहसंबंध, चालतच नाही. स्पिअरमन, म्हणजे क्रमांवरून येणारा सहसंबंध काढा, एसपीएसएसमध्ये बायव्हेरिएटच्या खिडकीतच टिक करायची असते. आम्ही हाताने क्रम लावून काढायचो.

आरवाला: एकट्या विधानाला ठीक आहे मास्तर, पण २० विधानांच्या सरासरीला पिअरसन सर्रास वापरतात. आणि ते एसपीएसएस सोडा हो. आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोर.टेस्ट, एक ओळ, फुकट.

निवृत्त_मास्तर: सर्रास तर लोक सिग्नलही तोडतात.

मनी_माऊ: सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे, हे आधी लक्षात घ्या. अनुभवामुळे समाधान वाढलं असं लिहू नका.

घाईत_आहे: कारण कोण विचारतंय? स्पिअरमन काढला, ०.३४ आला. आता तीन आकडे झाले!!

दशांश: इथेच पाणी मुरतंय. स्पिअरमन फक्त क्रम बघतो. ०.९३ चा ०.३४ झाला म्हणजे मोजक्याच टोकाच्या नोंदी पिअरसनला ओढून नेतायत. डिस्क्रिप्टिव्ह्जमधली कमाल किंमत सांगा. आधी स्कॅटर प्लॉट (प्रत्येक नोंदीचा एक ठिपका) काढला असतात तर एवढी धावपळ झाली नसती.

घाईत_आहे: अनुभव कमाल ९९. समाधान कमाल ९९, सरासरी १०.६९.

आरवाला: पाचाच्या पट्टीवर १०.६९! आणि ९९ वर्षं नोकरी करणारे हे गुरुजी पेन्शन कधी घेणार?

घाईत_आहे: अरे देवा. नऊ जणांनी फॉर्म कोरेच परत दिले होते. एक्सेलमध्ये मी रिकामे ठेवले. एसपीएसएसमध्ये मैत्रिणीने भरले, तिला ९९ टाकायला मीच सांगितलं होतं.

दशांश: ९९ टाकणं चूक नाही, ९९ म्हणजे उत्तरच नाही हे सॉफ्टवेअरला सांगायचं राहिलं. व्हेरिएबल व्ह्यूमध्ये मिसिंगच्या रकान्यात ९९ द्या, दोन्ही चलांना. एक्सेल रिकाम्या घराची जोडी सोडून देतं, म्हणून त्याचं उत्तर बरोबर आलं. आणि तक्त्यातला एन बघायची सवय लावा, ११८ दिसला तेव्हाच कळायला हवं होतं.

घाईत_आहे: ०.१८ आला! एन १०९. पण आकडा सार्थक असल्याच्या चांदण्या गेल्या, सिग (पी-मूल्य) ०.०६१, म्हणजे ०.०५ च्या वर. सरांना चांदण्या हव्यात.

निवृत्त_मास्तर: आता स्पिअरमन करून बघा, कदाचित येतील.

दशांश: मास्तर, चांदण्या दिसेपर्यंत पद्धती बदलत बसायचं का? ०.१८ लिहा, ०.०६१ लिहा, नऊ फॉर्म कोरे आले तेही लिहा.

मनी_माऊ: ती समाधानाची प्रश्नावली मिळेल का? माझाही विषय हाच आहे.