खर्च वाटला, तारखांचं काय?

आपापलं पोलिस दल असलेल्या चार शहरांनी मिळून एकच पोलिस प्रशिक्षण केंद्र बांधलं की खर्चाचा प्रश्न सुटला, असं म्हटलं जातं. बांधकामापुरता सुटतो. केंद्रातली बंदिस्त फायरिंग रेंज, म्हणजे गोळीबाराच्या सरावाची जागा, मात्र बांधण्यापेक्षा चालवायला जड: शिशाची धूळ बाहेर ओढणारी यंत्रणा, गोळ्या अडवणारी भिंत, तिची साफसफाई. लहान शहराला एकट्याने हे झेपत नाही, त्यामुळे भागीदारी हवीच. पण भांडणं होतात ती तारखांवरून. मोठं शहर सोयीच्या वेळा आधीच अडवून ठेवतं आणि छोट्याच्या वाट्याला उरलेल्या वेळा; मग सरावाला येतात ते रात्रपाळी करून आलेले, डोळे चोळणारे शिपाई. शिवाय वीस जणांच्या दलातले चौघे दिवसभर तिकडे गेले तर त्यांची गस्त कोण घालणार? तो ओव्हरटाइम कुणी हिशेबात धरतच नाही. करारात पैशांबरोबर तासही वाटून घ्या.

माझ्या मते एकत्र सरावाचा खरा फायदा वेगळाच आहे. वायरलेसवरचे सांकेतिक आकडे दलागणिक बदलतात. एकाच आकड्याचा अर्थ एका दलात अपघात, शेजारच्या दलात भलताच! अमेरिकेत २००६ पासून संयुक्त कारवाईत आकड्यांऐवजी साधी भाषा वापरणं ही केंद्रीय अनुदानाची अटच झाली. पण ही सवय परिपत्रकाने लागत नाही. सरावाच्या इमारतीत वेगवेगळ्या दलांचे शिपाई एकाच जिन्यावर मागेपुढे उभे राहिल्यावर लागते.