दिवा विझला तरी पट्टा असू द्या

एकांनी विचारलंय, विमानात सीटच्या पट्ट्याचा दिवा विझल्यावरही पट्टा बांधून कशाला बसायचं? माझं कळकळीचं सांगणं, बसाच. विमानातलं रडार ढगातलं पाणी टिपतं. कोरड्या, स्वच्छ हवेतली खळबळ त्याला दिसत नाही. मे 2024 मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान म्यानमारवर हादरलं, तेव्हा दिवा लागल्यापासून अवघ्या आठ सेकंदांत विमान गचके खाऊ लागलं. मग साडेचार सेकंदांत ते 178 फूट खाली आलं. पट्टा नसलेली माणसं वर फेकली गेली आणि आदळली. आठ सेकंदांत झोपलेल्या माणसाला पट्ट्याचं टोकसुद्धा सापडत नाही.

आम्ही वेंगुर्ल्याचे, मुंबईहून गोव्यातल्या मोपा विमानतळावर येणं-जाणं नेहमीचं. गेल्या पावसाळ्यात उतरण्याआधी विमान असं हललं की शेजारच्या काकींच्या मांडीवर वाफाळता चहा सांडला. त्याहून जीव कळवळला तो चहाची गाडी दोन्ही हातांनी धरून उभ्या असलेल्या मुलीसाठी. आपण बसलेले तरी असतो, ती मुलं उभ्यानं काम करतात, आणि ती गाडी भरलेली असली की चांगलीच जड असते. "गाडी आत नेतेय, चहा नंतर" असं त्या मुली म्हणाल्या तर कृपा करून हुज्जत घालू नका.

आणखी एक, काजूचे पत्र्याचे डबे वरच्या कप्प्यात कोंबू नका, पायाशी ठेवा. कप्पा उघडताना ते थेट खालच्याच्या डोक्यावर येतात.