अंघोळ न करणारे ट्यूडर इंग्रज गलिच्छ होते का?

परीटघडी
सोळाव्या शतकातल्या, म्हणजे ट्यूडर राजघराण्याच्या काळातल्या इंग्लंडचा विषय निघाला की कोणीतरी नाक मुरडतंच. अंघोळ करत नसत, म्हणजे गलिच्छ. यातलं पहिलं बरंचसं खरं, दुसरं साफ चूक, असं माझं ठाम मत आहे. गरम पाण्याने अंगाची रंध्रं उघडतात आणि रोगट हवा आत शिरते, असं तिकडचं वैद्यक मानायचं, त्यामुळे अंगभर पाणी घेणं त्यांना धोक्याचं वाटे. लंडनच्या साउथवर्क भागातली न्हाणीघरं तर आठव्या हेन्रीने १५४६ मध्ये बंदच केली (त्यात न्हाण्यापेक्षा इतर धंदे जास्त चालत, हे कारण वेगळं). अंग साफ ठेवायचं काम त्यांनी लिननच्या कापडावर सोपवलं होतं. पुरुषांना आत सैल सदरा, बायकांना पायघोळ स्मॉक. सकाळी जाड लिननच्या फडक्याने अंग खसाखसा घासायचं, हात-तोंड धुवायचं, सदरा बदलायचा. लिनन घाम आणि तेलकटपणा दोन्ही ओढून घेतं. एका इंग्लिश अभ्यासिकेने तीन महिने याच पद्धतीने राहून पाहिलं, आसपासच्यांना वास जाणवला नाही.

तिखटमीठ
असहमत. १५४५ मध्ये बुडालेलं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज वर काढलं तेव्हा त्यात ऐंशीच्या वर लाकडी फण्या सापडल्या, काहींच्या दातांत उवा अडकलेल्या. त्याच्याही पुढची गोष्ट घ्या. सॅम्युअल पीप्स हा नौदलाचा बडा अधिकारी, घरी मोलकरणी, कपाटात पांढरेशुभ्र सदरे. त्याच्या रोजनिशीत जानेवारी १६६९ ची नोंद आहे: डोक्यात आणि अंगावर मिळून वीसेक उवा निघाल्या. सदरा बदलला की मळ गेला म्हणता, मग हे पाहुणे कुठून आले?

शिवणटीप
आधी हे कापड धुवायचे कसे ते पाहू, म्हणजे हवेतला वाद जमिनीवर येईल.

खाली तोटी असलेलं मोठं लाकडी पिंप तिवईवर ठेवायचं. कपडे आदल्या रात्री थंड पाण्यात भिजवायचे. ही पायरी गाळून एकदम कढत पाणी ओतलं तर रक्ताचे आणि घामाचे डाग कायमचे बसतात. मग पिंपात थर लावायचे, जास्त मळके खाली. वर जाड फडकं, त्यावर चाळलेली लाकडाची राख. चाळायला आळस केला तर कोळशाचे कण झिरपून कापडावर काळे ठिपके उठतात. त्यावर कोमट पाणी ओतायचं, तोटीतून निथळलेलं खारं पाणी पुन्हा तापवून वर ओतायचं, दरवेळी थोडं जास्त गरम. असे फेरे तासन्‌तास चालत. पाणी बोटांना बुळबुळीत लागलं की खार उतरला. फार कडक झाला तर हात सोलवटतात आणि लिननही कुजतं. शेवटी नदीवर नेऊन धोपाटण्याने बडवायचं, खळबळून पिळायचं आणि गवतावर किंवा कुंपणावर पसरायचं. ओल्या कापडावर ऊन पडलं की पांढरेपणा येतो.

यात साबण नाहीच. राखेतला खार कापडातल्या तेलकटपणाशी मिळून जागच्या जागी थोडा साबण तयार करतो. हट्टी डागाला शिळं मूत्र, कारण त्यात अमोनिया. सदऱ्याची कापणीही याच धुण्यासाठी: सगळे सरळ चौकोन, काखेत चौकोनी कळी, त्यामुळे बडवताना शिवण उसवत नाही.

परीटघडी
शिवणटीप, हेच तर म्हणतोय. इतकी यंत्रणा असलेल्या समाजाला गलिच्छ कसं म्हणायचं? लंडनचा १५५० च्या दशकातला ताम्रपटावर कोरलेला नकाशा बघा, मूरफील्ड्सच्या कुरणात बायका कपडे वाळत घालताना दाखवल्यात. आणि तिखटमीठ, तुमच्या फण्या माझ्याच बाजूच्या. साधे खलाशी जहाजावर फणी बाळगत होते, म्हणजे रोज विंचरत होते.

तिखटमीठ
विंचरत होते, कारण खाजत होतं!

गंमत बाजूला ठेवू. डोक्यातली ऊ आणि कपड्यातली ऊ वेगळी. कपड्यातली शिवणीत अंडी घालते आणि फक्त रक्त प्यायला अंगावर उतरते. गरम खारात ती मरते, मान्य. पण खारात जातं फक्त लिनन. वरचा लोकरी किंवा रेशमी अंगरखा खारात घातला तर खराब होईल, म्हणून तो सहसा धुतला जात नसे. नुसता ब्रशने झाडायचा, तेलकट डागाला मुलतानी मातीसारखी माती लावायची. घरात दुसरा मळका माणूस असेल तर तुमचा स्वच्छ सदरा ऊ थांबवत नाही. १५७७ मध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयात तुरुंगातून कैदी आणले, पाठोपाठ ताप पसरला आणि न्यायाधीश, शेरीफ, ज्युरी धरून तीनेकशे माणसं मेली. उवांतून पसरणारा टायफस होता, असं आज मानलं जातं. उंची सदरे घालणारेही त्यात गेले.

गोदाकाठ
दोघंही सरसकट बोलताय. सदरे किती, हा खरा प्रश्न. श्रीमंताच्या घरी डझनांनी लिनन, म्हणून मोठं धुणं महिन्यातून एकदा काढलं तरी चालायचं. एका सदऱ्याला साधारण तीन यार्ड कापड लागे, जाडंभरडं घेतलं तरी मजुराची काही दिवसांची कमाई. ज्याच्याकडे दोनच सदरे, त्याचा एक अंगावर आणि एक कुंपणावर. इंग्लंडच्या हिवाळ्यात कुंपणावरचा वाळतो कधी? तुमच्या अभ्यासिकेकडे बदलायला भरपूर लिनन होतं, हे त्या प्रयोगात गृहीतच आहे.

धुण्याच्या कष्टाचंही पाहा. पीप्सचीच १६६० च्या जानेवारीतली नोंद आहे: रात्रीचा एक वाजून गेला, बाहेर कडाक्याची थंडी, तो झोपायला गेला तेव्हाही बायको आणि मोलकरीण धूतच होत्या. हे खात्यापित्या घरातलं.

शिवणटीप
गोदाकाठ यांच्या मुद्द्याला जोड देतो, आणि परीटघडी यांच्या नकाशाला धक्का. या पद्धतीला *लाकडाची* राख लागते. दगडी कोळशाच्या राखेत तो खार जवळजवळ नसतो. १६०० च्या सुमारास लंडनच्या चुली झपाट्याने न्यूकॅसलहून येणाऱ्या कोळशावर गेल्या. म्हणजे घरची फुकटची राख बंद, आणि वाळत घातलेल्या सदऱ्यावर काजळी. मूरफील्ड्सचं चित्र त्याआधीचं आहे. रानाजवळच्या खेड्यात नेच्याची झुडपं जाळून राखेचे गोळे करून ठेवत, शहरात ते विकत घ्यायला लागत.

परीटघडी
राख गेली, तर साबण आला की. ब्रिस्टल आणि लंडनमध्ये साबणाचे कारखाने याच काळात चालले.

तिखटमीठ
आला, पण कुणाला? ऑलिव्ह तेलाचा कॅस्टिल साबण आयात केलेला आणि महाग. स्वस्त मऊ साबणात माशाचं किंवा व्हेलचं तेल असलं की वास कापडात राहणार. त्यावर कडी म्हणजे पहिल्या चार्ल्सने १६३२ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या एका मंडळीला साबणाचा मक्ता दिला. कापड खराब होतं, हात फोडांनी भरतात, अशी धोबिणींची ओरड झाली. मंडळीत कॅथलिकांचा भरणा म्हणून लोक त्याला पोपचा साबण म्हणू लागले.

गोदाकाठ
म्हणून काळ आणि वर्ग सांगितल्याशिवाय हा वाद सुटणार नाही. १५६० मधल्या लाकूड जाळणाऱ्या गावातला खातापिता शेतकरी परीटघडी यांना देऊन टाका. १६३० मधला लंडनचा हमाल तिखटमीठ यांचा.

परीटघडी
शेतकरी घेतला. हमाल मात्र सोडत नाही, त्याच्या शेजारी पैसे घेऊन धुणाऱ्या बायका होत्या.

तिखटमीठ
आणि धुणं परत येईपर्यंत त्याने घालायचं काय?