फिशिंग ओळखायचं कसं? जाणकारांनी लिहा

फसवे मेल हल्ली शुद्ध भाषेत येतात, लोगोही जागच्या जागी असतो. 'चुका बघून ओळखा' हा सल्ला बाद झाला. मेल, सर्व्हर आणि पासवर्ड यांतच ज्यांचा दिवस जातो त्यांनी सांगावं: नेमकं कुठे बघायचं आणि गडबड कुठे होते? आपबीती नको, कामाचं लिहा.

पत्तेवाचक
वेबपत्त्यात सुरुवातीचे दोन स्लॅश सोडून पुढचा पहिला स्लॅश शोधा आणि तिथून डावीकडे वाचत या. शेवटचा डॉट, त्याच्या आधीचा शब्द आणि नंतरची शेपटी, ही मालकाची पाटी, म्हणजे डोमेन. ('डॉट को डॉट यूके'सारखी शेपटी असेल तर एक तुकडा जास्त धरा.) 'माझीबँक डॉट कॉम डॉट खातेतपासणी डॉट नेट' हा पत्ता बँकेचा नाही. 'खातेतपासणी डॉट नेट' ज्याने घेतलं त्याचा आहे, आणि त्याच्या डावीकडे तो वाट्टेल ते लिहू शकतो. मोबाइलच्या अरुंद पट्टीत लांब पत्ता मावत नाही, म्हणून हा डाव तिथे जास्त चालतो.

पत्त्यात पहिल्या स्लॅशच्या आधी '@' दिसला तर त्याच्या डावीकडचं सगळं निव्वळ सजावट समजा. ब्राउझर ते वापरकर्त्याचं नाव मानतो आणि उजवीकडच्या साइटवर जातो.

कुलपाच्या चिन्हावर जाऊ नका. वाटेत कोणी वाचत नाही, एवढंच ते सांगतं. पलीकडे कोण बसलाय ते नाही. त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र ठगालाही फुकट आणि काही मिनिटांत मिळतं. क्रोमने २०२३ मध्ये ॲड्रेस बारमधलं ते चिन्ह बदललं ते याच गैरसमजामुळे.

टपालखाना
प्रेषकाचं नाव पाठवणारा स्वतःच टाइप करतो, त्याला किंमत शून्य. संगणकावर जीमेलमध्ये मेलच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांत 'शो ओरिजिनल' असतं. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (मेल खरंच त्या डोमेनवरून आला का, याच्या तीन तपासण्या) यांपुढे पास किंवा फेल लिहिलेलं दिसेल. इथे बरेच जण फसतात: ठगाने स्वतःचं डोमेन नीट बसवलं असेल तर त्यालाही तिन्ही पास मिळतात. म्हणून 'पास' बघून थांबू नका, कोणतं डोमेन पास झालं ते वाचा.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे खऱ्या माणसाचा हॅक झालेला मेलबॉक्स. जुन्याच संभाषणात उत्तर येतं, तपासण्या सगळ्या पास, बदललेला असतो फक्त खाते क्रमांक. तिथे आधीपासून जवळ असलेल्या नंबरवर फोन करणे, एवढाच इलाज. त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे.

किल्लीजुडगा
'ओटीपी आहे, मग काय भीती?' असं वाटणाऱ्यांसाठी. आताची बनावट पानं मधल्या दलालासारखी चालतात. तुम्ही भरलेला पासवर्ड आणि ओटीपी ती त्याच क्षणी खऱ्या साइटला देतात, लॉगिन होतं आणि सेशन कुकी, म्हणजे पुन्हा पासवर्ड न विचारता आत ठेवणारी खूण, ठगाकडे राहते. ॲपमधला कोड साधारण ३० सेकंदांत बदलतो, पण त्याला तेवढाही वेळ लागत नाही.

पासकी (पासवर्डऐवजी फोन किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा हार्डवेअर की (तीच किल्ली वेगळ्या छोट्या उपकरणात) इथे टिकते, कारण ती डोमेनला बांधलेली असते. दुसऱ्या डोमेनवर ती सहीच करत नाही. मात्र खात्यात एसएमएसचा पर्याय चालू ठेवलात, तर बनावट पान 'की चालत नाही, दुसरा मार्ग निवडा' म्हणतं आणि लोक निवडतात!

पासवर्ड मॅनेजरने (पासवर्ड साठवून साइटवर स्वतः भरणाऱ्या ॲपने) रकाना आपोआप भरला नाही तर तिथेच थांबा. कधीकधी साइटने खरंच लॉगिनचा पत्ता बदललेला असतो, तरीही पासवर्ड कॉपी करून चिकटवू नका. साइट बुकमार्कवरून उघडा.

काळीखिडकी
पत्तेवाचक, तुमचा नियम चोख आहे, पण एका ठिकाणी तो पुरत नाही. कोणीतरी एक कोड पाठवतं आणि 'मीटिंगसाठी हा इथे टाका' म्हणतं. साइट अस्सल असते. कोड मात्र ठगाच्या उपकरणाला तुमच्या खात्यात घेण्याचा असतो. आपण स्वतः सुरू न केलेल्या लॉगिनचा कोड कुठेच टाकायचा नाही.

दुसरं, 'मी रोबो नाही' म्हणणारं पान 'विंडोज आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबा' असं सांगतं. पानाने क्लिपबोर्डवर आधीच कमांड ठेवलेली असते आणि ती तुमच्याच हातून चालते. खरी कॅप्चा कधीच हे मागत नाही.

टपालखाना
माहिती देऊन बसलात तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून पासवर्ड बदला, सगळी सेशन बंद करा, मग रिकव्हरीचा नंबर आणि मेल तपासा. जोडलेली अनोळखी ॲप काढा. वरची कमांड चालवली असेल तर तो संगणक नेटवरून तोडा आणि सिस्टिम नव्याने टाका.

मेलचे फिल्टर आणि फॉरवर्डिंग बघायचं हमखास राहतं. 'पासवर्ड' किंवा 'पेमेंट' शब्द असलेले मेल थेट कचऱ्यात टाकणारा नियम ठग करून ठेवतात, म्हणजे इशारे तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. असा नियम सापडला तर काढण्याआधी स्क्रीनशॉट घ्या. कोणते मेल लपवले गेले ते त्यावरूनच शोधता येतं.