शेल्फवरचं जर्मन घड्याळ : कंपनी कोणती आणि दहा मिनिटांत बंद का पडतंय?

टोलेबाज : मंडळी, एक जुनं चावीचं घड्याळ घेतलंय, सेकंडहँड. लाकडी, मधे उंच गोल आणि दोन्ही बाजूंना उतरतं, तबकडीवर चावीची दोन भोकं. विकणारा छातीठोकपणे म्हणाला युंगहान्स कंपनीचं आहे, पण तबकडीवर नावच नाही. मागचं दार उघडलं तर पितळी प्लेटवर एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन बाण आणि खाली १४ आणि १६८ असे आकडे. हे साल असेल का? पण १८६८ म्हणावं तर इतकं जुनं वाटत नाही. आता खरं दुखणं, चावी पूर्ण दिलीय, लंबक हलवला की आठ-दहा मिनिटं चालतं आणि गप्प. वर चारला सात टोले देतं. एक जण म्हणाला चावी जास्त दिली म्हणून अडकलं असेल. तेल घालू का, नको घालू?

जुनीचक्रं : आधी तेलाची बाटली खाली ठेवा.

दोन बाण म्हणजे हाम्बुर्ग-अमेरिकन ही घड्याळ कंपनी, तिला जर्मनीतले कलेक्टर हाऊ म्हणतात. नाव हाम्बुर्गचं पण कारखाना ब्लॅक फॉरेस्टमधल्या श्रामबेर्गला, म्हणजे युंगहान्सच्याच गावात. १९३० च्या सुमारास ही कंपनी युंगहान्समध्येच विलीन झाली, त्यामुळे तुमचा विकणारा अगदीच खोटारडा नाही, अर्धा बरोबर म्हणू. युंगहान्सचा स्वतःचा शिक्का म्हणजे आठ टोकांची चांदणी आणि आत J हे अक्षर. ती दिसत नाही ना? मग हाऊच.

आकडे सालाचे नाहीत. १४ म्हणजे लंबकाची लांबी सेंटिमीटरमध्ये आणि १६८ म्हणजे मिनिटाला किती ठोके पडायला हवेत ते. हे फार कामाचं आहे, कारण सेकंडहँड घड्याळात लंबक कुठल्यातरी दुसऱ्याच घड्याळाचा लावून दिलेला असतो बऱ्याचदा. लंबक मोजून बघा. मोबाइलवर पाच मिनिटं टिकटिक रेकॉर्ड करून ठोके मोजा, ८४० यायला हवेत. मिनिटाला दोन जास्त पडत असतील तर दिवसाला जवळजवळ १७ मिनिटं पुढे जाणार. खालचा छोटा नट फिरवून लंबकाची चकती खाली घेतली की घड्याळ मंद होतं, वर घेतली की जलद.

अजून एक, प्लेटवर कुठे वेस्ट जर्मनी लिहिलेलं आढळलं तर घड्याळ १९४९ नंतरचं. तुमच्याकडे नसणारच.

पितळी : चावी जास्त दिल्याने घड्याळ अडकतं ही जुनी अफवा आहे हो. कमान, म्हणजे चावी देतो ती स्प्रिंग, पूर्ण गुंडाळली तरी ती सुटायलाच बघते. बंद पडतं ते जुनं तेल गोंदासारखं चिकट झाल्याने, नाहीतर बीट, म्हणजे टिक आणि टॉकमधलं सारखं अंतर, बिघडल्याने. तुमचं आठ-दहा मिनिटं चालतंय म्हणजे मला बीटचाच संशय येतो. कान लावा. टिक...टॉक...टिक...टॉक सारख्या अंतराने येतंय की टिकटॉक.....टिकटॉक असं लंगडतंय? लंगडत असेल तर घड्याळाच्या एका बाजूखाली खेळायचे पत्ते सरकवत जा, जिथे आवाज सारखा होईल तिथे थांबा. मग ज्या बाजूला उचललंय त्याच बाजूला लंबक ढकलणारी मागची तार अगदी जराशी वाकवायची, की सपाट जागेवरही बीट जुळतो. जोर लावू नका, तार सहज वाकते आणि त्याहून सहज तुटते ती वरची लंबक टांगायची पातळ पट्टी. घड्याळ हलवताना लंबक काढूनच ठेवा, नाहीतर ती पट्टीच जाते.

टोल्यांचं सोपंय. मिनिटकाटा पुढेच फिरवत बाराशी आणा, टोले मोजा, आणि तासकाटा हाताने हळूच त्या आकड्यावर सरकवा, तो घट्ट बसलेला असतो पण सरकतो. मग मिनिटकाटा पुढे फिरवत खऱ्या वेळेपर्यंत न्या, प्रत्येक टोल पूर्ण होऊ द्या. मिनिटकाटा उलटा फिरवायचा मोह टाळा.

टोलेबाज : लंबक १४ च भरला, म्हणजे मूळचाच दिसतोय. आणि हो, लंगडतंय, मी इतके दिवस त्याला जुन्या घड्याळाची शान समजत होतो 😅 मागच्या पितळी प्लेटवरच्या भोकांभोवती काळं चिकट दिसतंय, तिथे तरी थेंबभर?

जुनीचक्रं : काळं झालंय म्हणजे आत झिजलेल्या पितळाची भुकटी तेलात मिसळलीय. त्यावर नवं तेल घातलं तर ती घासणारी पेस्टच पातळ होऊन आणखी आत जाईल. उघडून साफ केल्याशिवाय तेल नाही, आणि नंतरही घड्याळाचं तेल, टाचणीच्या डोक्याएवढा थेंब, फक्त धुऱ्यांच्या भोकांत. चाकांच्या दात्यांना अजिबात नाही. स्प्रे तर विसराच. आणि उघडायचं काम जाणत्याला द्या, कमान सैल न करता प्लेटा सुट्या केल्या तर बोटं जातात, विनोद नाही हा.

टोलेबाज : अपडेट. डावीकडे तीन पत्ते घातले आणि बीट एकदम सरळ झाला, काल रात्रीपासून चालू आहे. टोलेही जुळले. मग तार वाकवायच्या आधी सहज घड्याळ उलटं करून बघितलं तर डाव्या बाजूचा पुढचा लाकडी पायच नाहीये, नुसती गोंदाची खूण! तार तशीच सोडली, पाय बनवायला दिलाय. साफसफाईचा जाणता माणूस शोधतोय.